यशोधराच्या चाळीस पाट्या

मी जन्मजात संशयी माणूस आहे. दूधवाला रोजच्यापेक्षा लवकर आला तरी मला वाटतं, आज दुधात काहीतरी गडबड आहे. कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं की माझा हात आपोआप खिशाकडं जातो. बायको म्हणते, "तुम्ही सोताच्या सावलीला बी पत्ता विचारशीला." अशा मला यशोधरा भेटली आणि या बाबतीत आपण अजून कच्चे आहोत, हे मला पहिल्यांदा कळलं.

मी पेंटर. पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागच्या फळ्या म्हणजे फाळके, गाड्यांचे नंबर, भिंतीवरच्या जाहिराती. फ्लेक्स आलं आणि आमच्या धंद्याचं पाणी आटलं, तरी उद्यमनगरच्या अंगाला माझं छोटं दुकान अजून आहे. एका दुपारी मी एका ट्रकच्या फाळक्यावर अक्षरं काढत होतो. पाठीमागं कुणीतरी उभं आहे असं वाटलं. वळून बघितलं तर चाळिशीची एक बाई. केस कानापर्यंत कापलेले, अंगात पुरुषी शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. मी परत कामाला लागलो. अर्धा तास झाला तरी बाई हलेना. माझ्या मनानं घेतलं, ही महापालिकेच्या परवाना खात्यातली असणार.

"काय पायजे ताई?"

"काय न्हाय. तुमचा हात बघतोय."

आमच्याकडं बायकासुद्धा 'येतो, जातो, बघतो' असंच बोलतात. ही बाई बडोद्याला शिकली होती, परदेशी हिंडून आली होती, पण तिचं हे बोलणं तसूभरही हललं नव्हतं. मग तिनं एका गल्लीचं नाव घेतलं आणि म्हणाली, "तिथं 'खोली भाड्याने देणे आहे' असा बोर्ड व्हता. त्यो तुमीच रंगवलाय न्हवं?"

"कोण म्हणतंय?"

"त्यातला 'भ' म्हणतोय. त्याचं पोट तुमी जरा सैल सोडता. ह्या फाळक्यावर बी तसंच सोडलंय."

तीस वर्षं मी 'भ' काढतोय. त्याचं पोट सैल सुटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. खरं सांगतो, मी घाबरलो.

मग तिनं हकिगत सांगितली. तिला काम करायला खोली हवी होती. बोर्ड बघून ती आत गेली. मालक भला वाटला, चहा पाजला, भाडं सांगितलं, आणि शेवटी पूर्ण नाव विचारलं. तिनं सांगितलं, यशोधरा धोंडीराम कांबळे. त्यावर मालकाला एकाएकी आठवलं की त्याचा भाचा शिकायला येणार आहे आणि खोली त्याच्यासाठी ठेवायची आहे. ही उठून आली. पण बोर्ड तसाच. दुसऱ्या दिवशी तिनं समोरच्या फुटपाथवर कॅमेरा लावला आणि त्या बोर्डाचं शूटिंग सुरू केलं. रोज सकाळ ते संध्याकाळ. अकराव्या दिवशी मालकानं बोर्ड काढून आत नेला. बाराव्या दिवशी ही माझ्याकडं आली. हे सगळं तिनं एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

मला वाटलं, संपलं. ही केस करणार आणि आपल्याला साक्षीला ओढणार. मी म्हणालो, "माझा काय संबंध? मी निस्तं रंगवलं."

"म्हणूनच आलोय. रंगवताना मालक आणिक काय बोललावता काय?"

बोलला होता. 'कुणाला देणार नाही तेबी खाली लिवायचं काय रं,' असं तो हसत म्हणाला होता आणि मग स्वतःच म्हणाला होता, 'नको, नाव इचारलं की कळतंयच.' त्यावर मीही हसलो होतो. मी शाहूवाडीकडच्या शेतकरी घरातला. असलं बोलणं लहानपणापासून कानावरून गेलेलं, त्यात वेगळं काही आहे असं मला वाटलंही नव्हतं. आता मात्र त्या बाईच्या समोर माझ्यानं ते सांगवेना. "न्हाय. काय न्हाय बोलला," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "बरं." तिला कळलं होतं. हे मी तिला पुढं कधीच सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय आणि लिहिताना लाज वाटते आहे.

यशोधरा उचगावची. वडील फौंड्रीत मोल्डर, म्हणजे काळ्या वाळूत साचे बसवणारे. जन्मभर तेच काम. पोरीचा हात चित्रात चालतो म्हणून त्यांनी तिला इथल्या चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. कोल्हापुरात चित्र चांगलं की वाईट हे ठरवायची एकच रीत: हुबेहूब आलंय का? या रीतीनं यशोधरा पहिल्या नंबरची. म्हाताऱ्याच्या गळ्याची कातडी काढावी तर तिनंच, असं तिचे मास्तर म्हणायचे. मग बडोदा झालं, चित्रांची प्रदर्शनं झाली, विकलीही गेली. आणि सगळं रांगेला लागलंय असं वाटत असतानाच बाईनं कॅमेरा हातात घेतला. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाली, "चित्राला बसिवल्याला माणूस गप बसतोय. गप बसल्याला माणूस कवा खरा असतोय काय?"

ब्रश तिनं सोडला नाही, पण त्यानंतर तिची चित्रं आणि व्हिडिओ एकमेकांच्या हातात हात घालूनच भिंतीवर जायला लागले. मुंबई, दिल्ली, दोनचार परदेशांतली शहरं. उचगावात मात्र बरीच वर्षं लोकांची समजूत होती की धोंडीरामची पोरगी लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेते. तशा तिनं मधल्या काळात घेतल्याही होत्या, पोटासाठी. तिथंच आपण खरं शिकलो असं ती म्हणायची. "लग्नात समदी कॅमेऱ्याकडं बघत्यात. जो बघत न्हाय त्येच्याकडं मी बघतो."

तिचा एक शब्द होता. 'कशावरनं?' चहा चांगला आहे म्हटलं की कशावरनं. पाऊस येईल म्हटलं की कशावरनं. एका पत्रकारानं तिला विचारलं, "तुम्ही कोल्हापूरच्या परंपरेतल्याच ना?" ती म्हणाली, "कशावरनं?" आणि तो बिचारा वहीत बघत बसला. हा शब्द ती उद्धटपणानं म्हणायची असं नव्हे. तिला खरोखरच हवं असायचं कारण.

शेवटी तिला जागा मिळाली ती गावाच्या कडेला, कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये. "कोंबड्या आडनाव इचारत न्हाईत," ती म्हणाली आणि स्वतःच मोठ्यानं हसली. शेडचे पत्रे रंगवायला तिनं मला बोलावलं आणि तेव्हापासून माझं तिथं येणंजाणं सुरू झालं. शेडला दोन कुलपं. एकाची किल्ली पिशवीत, दुसऱ्याची गळ्यात. रोज काम संपलं की ब्रश मोजायचे. कुठल्याही कागदावर सही करायची तर आधी तीनदा वाचायचा, मग त्याची झेरॉक्स काढायची, मग ती मूळ कागदाशी ताडून बघायची. पुरं झालेलं चित्र जुन्या चादरीखाली झाकलेलं. मी आत गेलो की माझी नजर कुठं जाते यावर तिची नजर. कागदातलं भडंग खाता खाता ती बोलायची, पण पुढं केलेला कागद आपल्याकडंच जरा जास्त कललेला ठेवायची.

मुंबईहून एकदा गॅलरीवाले एक गृहस्थ आले होते. मी शेडचे पत्रे घासत कोपऱ्यात होतो. गृहस्थ अतिशय मृदू. मान तिरकी करून म्हणाले, "यशोधराजी, तुमच्या कामात तुमच्या समाजाचं दुःख अजून जरा पुढं यायला हवं. लोकांना ते बघायचं असतं."

यशोधरा उठली, कॅमेरा तिवईवर बसवला, त्यांच्या तोंडासमोर आणून चालू केला आणि म्हणाली, "आदी तुमच्या समाजाचं दुःख सांगा. मी रेकॉर्ड करतो. सावकाश सांगा, घाई न्हाय."

गृहस्थांनी घसा खाकरला, पाणी मागितलं, पुन्हा घसा खाकरला. पाचेक मिनिटांनी त्यांना आठवलं की त्यांची गाडी वाट बघते आहे. मला त्या वेळी वाटलं, बाईनं हातातलं काम घालवलं. आणि हेही वाटलं की हा कॅमेरा उद्या आपल्यावर उलटायला वेळ लागणार नाही.

तिच्या कामावर माझा विश्वास नव्हताच. दिवसभर एका जागी कॅमेरा ठेवायचा आणि त्याला कला म्हणायचं, यात फसवणूक कुणाची होते आहे एवढाच माझा प्रश्न होता. मग इथल्याच एका हॉलमध्ये तिनं वडिलांचा व्हिडिओ दाखवला. वडील कॅमेऱ्याला तयार नव्हते. "माझं पिक्चर काडून तू काय करणार?" असं करत त्यांनी कितीतरी महिने टाळलं आणि शेवटी, पाठीमागून काढणार असशील तर काढ म्हणाले. व्हिडिओत एवढंच: फौंड्रीतून आलेला माणूस घरामागच्या परड्यात दगडावर बसून अंघोळ करतो. पाठमोरा. पाऊण तास. काळं पाणी, मग राखी पाणी, मग गढूळ पाणी. निम्मे लोक उठून गेले. मीही चप्पल शोधत होतो. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कुणीतरी ओरडलं, "डाव्या कानामागं ऱ्हायलंय अजून!"

ओरडणारा फौंड्रीतलाच होता. आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं जणू ऐकल्यासारखा हात डाव्या कानामागं नेला. सगळा हॉल हसला. मी मात्र खाली बसलो, तो शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की त्या माणसाचं तोंड मी बघितलेलं नाही, पण उद्या रस्त्यात पाठमोरा दिसला तर मी ओळखेन.

पाट्यांचं काम यानंतरचं. मुंबईच्या एका मोठ्या प्रदर्शनाचं तिला बोलावणं आलं होतं. तिनं मला बोलावून सांगितलं, "बापू, चाळीस पाट्या. लोखंडी पत्रा, काळा रंग, पांढरी अक्षरं. आबांच्या फौंड्रीतली चाळीस माणसं, एकेकाचं पुरं नाव. तुमी लिवायचं, मी तुमच्या हाताचं शूटिंग करणार." या माणसांनी घडवलेले लोखंडाचे भाग कुठल्या कुठल्या देशांतल्या गाड्यांत बसलेत. त्यावर कंपनीचं नाव असतं, यांचं नसतं. ते नाव तिला भिंतीवर लावायचं होतं. ती घरोघर हिंडून एकोणचाळीस जणांकडून कागदावर होकार घेऊन आली होती. तीनदा वाचून दाखवून, झेरॉक्स देऊन. एकटे वडील राहिले होते. "पुरं झाल्यावर बघतो, मग सांगतो," असं ते म्हणाले होते. आणि यशोधरानं त्यांना माझ्यादेखत शब्द दिला होता, "आबा, तू न्हाय म्हणालास तर समदं बंद. एक बी पाटी हालणार न्हाय." मला हा शब्द वेडेपणाचा वाटला. वर्षभराचं काम एका म्हाताऱ्याच्या मानेवर कोण टांगतं?

आम्हा पेंटर लोकांची एक रीत आहे. बोर्ड पुरा झाला की उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात सही. माझी सही 'पेंटर बापू'. खोली भाड्याच्या किरकोळ बोर्डावर नसते, पण बाकी गिऱ्हाईक हो म्हणो, नाही म्हणो, ती पडतेच. पहिली पाटी झाली तेव्हा माझा ब्रश सवयीनं कोपऱ्याकडं गेला, तर यशोधरानं मनगट धरलं.

"ह्यात नको, बापू."

"का?"

"ह्येच्यावर माझं बी नाव न्हाय, तुमचं बी न्हाय. ज्येचं नाव त्येचंच फक्त."

ऐकायला बरं वाटलं. पण आठच दिवसांत पेपरात बातमी आली, त्यात तिचा फोटो, तिचं नाव ठळक, आणि माझ्याबद्दल 'स्थानिक कारागिराच्या मदतीने' एवढंच. दुकानाशेजारचा चहावाला आप्पा पेपर माझ्यापुढं टाकत म्हणाला, "बघ. अक्षर तुझं आणि नाव तिचं. आयत्या बिळावर नागोबा हाय ती. तिकडं परदेशात सांगत आसंल मीच लिवलंय म्हणून." माझ्यासारख्याला एवढं पुरे होतं. कॅमेरा माझ्या हाताचंच शूटिंग का घेतो, तोंडाचं का नाही, याचाही अर्थ मला मग लागायला लागला. पस्तिसाव्या पाटीपर्यंत माझी खात्री झाली होती की मला वापरून घेतलं जातंय.

चाळिसावी पाटी धोंडीराम आण्णा कांबळे यांची. त्या दिवशी यशोधराला गारगोटीला बहिणीकडं जावं लागलं. जाताना तिनं गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "पुरं करून कुलूप लावा," म्हणाली आणि गेली. त्या शेडमध्ये तिनं कुणालाही एकटं सोडलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. दुसरा कुणी असता तर त्याला भरून आलं असतं. मला वाटलं, हिचा काय डाव आहे?

मी पाटी लिहिली. खोटं का बोलू, चाळिसांत ती सगळ्यांत सरस उतरली होती. 'धों'चा अनुस्वार असा बसला होता की मीच दोन पावलं मागं जाऊन बघत राहिलो. आणि मग इकडंतिकडं बघितलं, सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि उजव्या कोपऱ्यात राईएवढ्या अक्षरांत लिहिलं, पेंटर बापू. लांबून दिसणार नाही असं. कुलूप लावताना माझ्या ध्यानात आलं की कॅमेरा तिवईवर तसाच उभा होता, तोंड माझ्याकडं. तो चालू होता की बंद, हे मी बघितलंच नव्हतं. परत आत जाऊन बघायचा मला धीर झाला नाही.

यशोधरा आली, तिनं किल्ली घेतली, ब्रश मोजले. काही बोलली नाही. तिनं सही बघितली नाही म्हणून बोलली नाही, की बघून बोलली नाही? पुढचे चार दिवस मी नीट जेवलो नाही. तिच्या प्रत्येक 'बरं'मध्ये मी काहीतरी शोधत होतो.

टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी तिनं पाट्या शेडच्या लांब भिंतीवर लावल्या. आठ-आठच्या पाच ओळी. वडिलांची पाटी सगळ्यात खालच्या ओळीत, शेवटी. स्वतःच्या माणसाला वर कसं बसवायचं, असं तिचं म्हणणं. दुपारी धोंडीराम आले. बरोबर फौंड्रीतले सहासात जण. सगळे धुतलेल्या कपड्यांत, एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा. यशोधरा त्या दिवशी सकाळपासून उगाच झाडत होती. एवढी बिचकलेली मी तिला कधी बघितली नव्हती.

माणसं आत आली आणि भिंतीसमोर थांबली. आपलं नाव सापडलं की माणसाच्या तोंडावर हसू उमटतं. इथं उलटंच. नाव सापडलेला माणूस पुढं जाई, पाटीवरून बोट फिरवी, पत्र्याची कड चाचपी, आणि मागं येई. पेढ्यांचा पुडा तसाच हातात. शेवटी त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "काय चुकलंय ह्येच्यात?"

"चुकलंय म्हंजे?" यशोधरा म्हणाली.

मग धोंडीराम बोलले. खाली बघून, सावकाश. "येसू, आमच्यात माल रिजेक्ट झाला की चेकर त्येच्यावर खडूनं मोल्डरचं नाव लिवतोय. काळ्या लोखंडावर पांढरं. आन् तसंच गेटाजवळ ठेवत्यात, समद्यांनी बघाय. चांगला माल निघून जातोय. त्येच्यावर कोण नाव लिवत न्हाय."

"तू कवा सांगितलं न्हाईस," यशोधरा म्हणाली.

"घरात येऊन रिजेक्टचं कोण सांगतंय, पोरी?"

बाया फौंड्रीच्या फाटकातून आत जात नसत. तिनं वडिलांची पाठ पाऊण तास दाखवली होती, पण गेटाच्या आतला तो ढीग तिनं बघितलेला नव्हता. काळा पत्रा आणि पांढरं अक्षर तिनं लोखंड दिसावं म्हणून निवडलं होतं. आणि मी, तीस वर्षं ब्रश धरलेला पेंटर, खडूसारखं दिसावं म्हणून पांढऱ्यात किंचित राखी मिसळला होता. माझीच हुशारी ती.

"माजी पाटी काड," धोंडीराम म्हणाले. "बाकीच्यांचं त्येनी सांगतील. मला ही नगं."

त्या बाईनं कशावरनं असं विचारलं नाही. ती मुकाट्यानं वाकली, स्क्रू काढायला लागली. स्क्रू ड्रायव्हर दोनदा निसटला. मला दिसत होतं की एक पाटी निघाली म्हणजे चाळीसही निघाल्या. वर्षभर ती ज्यासाठी राबली ते तिनं दिलेल्या एका शब्दापायी संपत होतं आणि ती शब्द मोडणार नव्हती. इतके दिवस जिच्या पाठीमागं मी डाव शोधत फिरलो, ती बाई समोर गुडघ्यांवर बसून आपलंच काम खोलत होती.

पाटी निघाली. ती तिनं वडिलांच्या हातात दिली. धोंडीरामांनी ती जवळ धरून बघितली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"ह्ये आणि कुणाचं नाव?"

यशोधरानं वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिला ते आधी माहीत होतं की त्याच क्षणी कळलं, हे तिच्या डोळ्यांवरून मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, "माझं हाय."

"तुमचं? तुमचं काय चुकलं व्हतं?"

"चुकलं न्हाय, आबा."

"मग कुणी लिवाय लावलं?"

"कुणी न्हाय. हिनं तर नगंच म्हणून सांगितलंवतं. मीच लिवलं, चोरून." आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. "आमच्यात माल मनासारका उतरला की आमी खाली नाव घालतो. चाळिसांत ही पाटी समद्यात झकास उतरली. म्हणून हिच्यावर घातलं."

धोंडीराम माझ्याकडं बघत राहिले. असा खोटं पकडणारा डोळा कुणाकडून तिच्याकडं आला, ते मला तेव्हा कळलं.

"झकास उतरला की घालता?"

"व्हय."

"आन् बिगाडला तर?"

"बिगाडल्याल्या कामावर कोण सोताचं नाव घालंल, आबा? ते पुसून टाकतो."

मागं कुणीतरी 'आयला' म्हणालं. ज्यानं काय चुकलंय म्हणून विचारलं होतं तो पुढं आला, धोंडीरामांच्या खांद्यावरून त्यानं ती राईएवढी अक्षरं बघितली आणि मग भिंतीवरच्या स्वतःच्या पाटीकडं बघितलं. सगळी माणसं परत भिंतीजवळ गेली. या वेळी त्यांचं बघणं वेगळं होतं. धोंडीराम मात्र जागचे हलले नाहीत. पाटी हातात धरून, अंगठ्यानं कड घासत ते बराच वेळ उभे होते. यशोधरा त्यांच्यासमोर उभी होती. एक शब्दही तिनं त्यांच्या मनावर टाकला नाही.

"ऱ्हाऊ दे मग," शेवटी ते म्हणाले आणि पाटी तिच्याकडं दिली. ती परत खाली वाकायला लागली तशी म्हणाले, "एवढ्या खाली नगं. जरा वर लाव की."

यशोधरा आता कोल्हापुरात नसते. आबांनाही जाऊन आता काही वर्षं झाली. पाट्या मुंबईला गेल्या, पुढं आणखी कुठं कुठं गेल्या. माहितीच्या कागदावर माझं नाव होतं, असं बघून आलेल्या एका माणसानं मला सांगितलं. व्हिडिओत मी सही करताना दिसतो का, हे त्याला मी विचारलं नाही. ती मला दिसते ती अजून त्या दुपारची.

वरच्या ओळीतली एक पाटी काढून तिथं आबांची लावायला ती स्टुलावर चढली. खालून धोंडीराम सांगत होते, "डावीकडं घे. लई झालं. जरा उजवीकडं. हां." ते सांगतील तसं ती करत होती आणि मधेच शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होती. स्क्रू बसला. धोंडीराम दोन पावलं मागं आले, टोपी काढून काखेत धरली आणि एकेक अक्षर लावत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी आपलं पूर्ण नाव वाचलं.